कॉस्टिकने भाजणे : ड्रमपासून कॅनपर्यंतची पार्श्वभूमी

नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. कापड गिरण्यांमध्ये ब्लीचिंगच्या आधी कापड कॉस्टिक सोड्यात उकळण्याची पद्धत जुनी. तिथे कॉस्टिक हा प्रक्रियेचाच भाग असे आणि त्याला रोज हाताळणारे ठरलेले लोक असत. पुढे हेच रसायन सफाईच्या कामात आले. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत पाइपलाइन धुण्यासाठी १ ते २ टक्क्यांचे द्रावण ७० ते ८० अंशांवर फिरवतात.

पाइपमध्ये द्रावण बंदिस्त असते. धोका असतो द्रावण तयार करताना. १०० लिटर गार पाण्यात कॉस्टिकचे २ किलो फ्लेक्स (सुके पापुद्रे) थोडे-थोडे टाकायचे. उलट केले, म्हणजे फ्लेक्सवर पाणी ओतले किंवा गरम पाणी घेतले, की ते उसळून थेट तोंडावर येते. पँट गमबुटात खोचली असेल तर ओघळ आत उतरतो आणि शिफ्ट संपेपर्यंत घोट्याशी साचून राहतो. पँट बुटाच्या बाहेरच हवी.

ॲसिड लागताच आग होते, माणूस हात झटकतो. कॉस्टिक मात्र आधी नुसते बुळबुळीत लागते. ते त्वचेतली चरबी साबणासारखी विरघळवत खोल जाते. दुखेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

१९४८च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणाचे कलम ३५ होतेच. भोपाळनंतर १९८७च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले. ती माहिती ड्रमच्या लेबलवर आली, पण सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेले. त्याचा माणूस ड्रममधून पाण्याच्या जुन्या कॅनमध्ये माल काढतो आणि कॅनवर काहीच लिहिलेले नसते. आमच्या मते बहुतेक जखमांचे मूळ इथे आहे. कॅनवर नाव, टक्केवारी आणि तारीख लिहायला एक मार्कर पुरतो.

अंगावर पडलेच तर कोरडे फ्लेक्स आधी झटकावेत, कपडे काढावेत आणि निदान अर्धा तास वाहते पाणी सोडावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. त्याने उष्णता वाढते, वेळही जातो. मग लेबलचा फोटो घेऊन नागपुरातले मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे. स्टीलच्या वेल्डिंगवर लावायच्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. त्याने भाजले तर पाण्यानंतर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागते, ते आधीच आणून ठेवलेले हवे.

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका देते. सेफ्टी शॉवर त्याच टाकीला जोडला असेल तर भाजलेला माणूस त्याखाली दोन मिनिटेही थांबत नाही. टाकीवर शेड टाकावी, पाइप झाकावा आणि दर आठवड्याला दुपारी दोन वाजता पाणी सोडून हाताने तपासावे.