कोलाडच्या राफ्टखालचं पाणी कुठून येतं?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून कृष्णा, कोयना, वारणा, वेण्णा, उरमोडी, तारळी, येरळा एवढ्या नद्या आहेत. तरी राफ्टिंग, म्हणजे रबरी होडीतून खळाळत्या नदीत उतरणं, करायचं म्हटलं की गाडी घाट उतरून रायगड जिल्ह्यात जाते, कोलाडजवळच्या कुंडलिका नदीवर. कॉलेजचा ग्रुप असो, बँकेतले सहकारी असोत की भिशीतल्या मैत्रिणी, एका दिवसाची सहल ठरते ती तिथेच. आणि दर वेळी गाडीत कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे कोयनेला एवढं पाणी असताना इथवर कशाला?" प्रश्न रास्त आहे. गंमत अशी, की कोलाडला राफ्टखालून जे पाणी धावतं त्यातलं पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांतलं बहुतेक पाणी कोकणातलं नसतंच. ते आपल्याच कृष्णा खोऱ्यातलं असतं.

आधी आपल्या नद्या पाहू. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कड्याला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेत मिसळते. हेळवाकच्या पश्चिमेला थोडं पुढे गेलं की कोकणचा कडा. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून भात आणि उसाच्या सखल खोऱ्यातून निवांत निघते. राफ्टिंगला पात्रात उतार लागतो, खडक लागतात आणि बेताचं पण सलग पाणी लागतं. तिन्ही गोष्टी एकाच जागी हव्यात. धरणाखालच्या कोयनेत उतार फारसा नाही. पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात सहा वक्र दरवाजे उचलले की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो, त्या पुरात राफ्ट घालण्याचं कुणी शहाणा माणूस नाव काढणार नाही. एरवी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून जास्तीत जास्त २,१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. पेपरात रोज छापून येणारा हाच तो आकडा. हे पाणी खाली शेतीसाठी जातं आणि रुंद पात्रात पसरून गप्प वाहतं.

कृष्णेचं तर विचारूच नका. सांगलीपाशी ती खोल आणि संथ आहे, भिलवडी ते डिग्रज पट्ट्यात मगरी आहेत, आणि मध्ये मध्ये कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. या बंधाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण दरवर्षी त्यांच्यापाशी कुणाचा ना कुणाचा जीव जातो. खडकांच्या धबडग्यात पाणी कितीही उसळलं तरी त्याला कुठून तरी वाट असते, आणि त्या वाटेने माणूसही बाहेर पडतो. बंधाऱ्यावरून मात्र पाणी एका सरळ रेषेत, सगळीकडे सारखं पडतं. पडल्यावर ते तळाशी जातं, थोडं पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच ओढलं जातं. त्यात सापडलेला माणूस, ओंडका, होडी, काहीही असो, तिथल्या तिथे फिरत राहतो. वरून पाहिलं तर जेमतेम पुरुषभर उंचीची पांढरी रेघ दिसते. पट्टीचे पोहणारे यातच जातात, कारण घाबरावं असं तिथे काही दिसत नाही. जगभरातले राफ्टिंग गाइड मोठ्या धबधब्याइतकेच या बुटक्या बंधाऱ्यांना बिचकतात.

आता कोलाडच्या पाण्याकडे. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा सरळ तुटलेला आहे, आणि माथ्यावरचा प्रचंड पाऊस पूर्वेला वाहून जातो. हे पाणी माथ्यावर अडवायचं, बोगद्यातून कड्यापर्यंत न्यायचं, नळांतून खाली सोडायचं आणि पायथ्याशी वीज करायची, ही जमशेदजी टाटांच्या काळातली कल्पना. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि कोळसा लांबून आणावा लागत होता. लोणावळ्याच्या तलावांवर चालणारं खोपोलीचं वीजगृह १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये आणि मुळशी धरणाच्या पाण्यावरचं भिऱ्याचं १९२७ मध्ये. मुळशी धरण आहे मुळा नदीवर. मुळा पुण्यात मुठेला भेटते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे धरण झालं नसतं तर हे पाणी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. धरण झालं, आणि ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरून अरबी समुद्राच्या वाटेला लागलं.

हे सुखासुखी झालं नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांच्या नावामागे कायमचं लागलेलं 'सेनापती' हे पद याच लढ्यातलं. धरणाविरुद्धचा जगातला हा पहिला संघटित लढा, असं बरेच अभ्यासक मानतात. तीनेक वर्षं तो चालला आणि हरला. एक कारण ओळखीचं वाटेल: बऱ्याच जमिनींची मालकी पुण्यातल्या सावकारांकडे होती आणि कसणारे मावळे खोऱ्यात राहत होते. मालकांना मोबदला चालणार होता, कसणाऱ्यांना गाव हवं होतं. पुढे कोयनेच्या धरणग्रस्तांचं झालं ते पाहता मुळशीचा धडा सरकारनेही फारसा गिरवला नाही. जावळी-पाटणची कितीतरी कुटुंबं रायगड, ठाणे, सांगलीकडे पांगली, आणि त्यांच्या पुनर्वसनाची आंदोलनं अजून चालू आहेत.

कोयनेची योजनाही पहिल्यांदा टाटांच्याच अभियंत्यांनी तपासली होती. पैशाच्या ओढाताणीत ती मागे पडली आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने हाती घेतली. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज सुरू झाली, १९६४ मध्ये धरण पूर्ण झालं. पद्धत तीच, म्हणजे पूर्वेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला. हे पाणी चिपळूणच्या वाशिष्ठीत जातं. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. थोडक्यात, सातारा-सांगलीच्या वाट्याचा उतार आणि त्यावर उसळू शकणारं पाणी दोन्ही पश्चिमेला गेली.

जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू-बंद करता येतं. म्हणून ते विजेची मागणी वाढेल तेव्हा चालवतात. भिऱ्याच्या वीजगृहातून निघालेलं पाणी पुढे आणखी एकदा वीज करून रावळज्याच्या बाजूला कुंडलिकेत येतं. साधारण सकाळी ते सुटतं आणि मग रावळज्यापासून खाली बाराएक किलोमीटरचा पट्टा काही तास राफ्टिंगच्या लायक होतो. या पट्ट्यात खडक आहेत, उतार आहे आणि पाणी मोजून सोडलेलं आहे. राफ्टिंगच्या सहा श्रेणींत तो दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत बसतो, म्हणजे नवख्याला भीती वाटेल पण झेपेल इतपत. जानेवारीत कोकणातली साधी नदी दगडगोट्यांची वाट झालेली असते, तेव्हा कुंडलिका भरून वाहते ती यामुळे. सातारा-सांगलीच्या गाड्यांना मध्यरात्री निघावं लागतं तेही यामुळेच. पाणी कुणासाठी थांबत नाही. आंबेनळी घाटात ट्रक आडवा झाला म्हणून दोन तास उशीर झाला, तर राफ्टवाला हात वर करतो, आणि त्याचं चुकत नाही. ज्या दिवशी वीजगृह बंद, त्या दिवशी नदीही बंद. बुकिंग करताना जेवणाचा मेनू विचारणारे खूप असतात, पाणी सुटणार का हे विचारणारे थोडे. सांगलीकडून पुण्यावरून येणाऱ्या गाड्या तर ताम्हिणीला जाताना मुळशीच्या तलावाकाठूनच जातात. बहुतेक जण तेव्हा झोपेत असतात.

राफ्टचा इतिहास या मानाने लहान. रबरी होडीने नदी उतरण्याचा अमेरिकेतला पहिला नोंदवलेला प्रयत्न १८४२ चा, प्लॅट नदीवरचा. पण हा खेळ झाला दुसऱ्या महायुद्धानंतर, सैन्याच्या रबरी होड्या स्वस्तात विकायला निघाल्यावर. सुरुवातीच्या राफ्टमध्ये पाणी भरलं की बादलीने उपसावं लागे. १९८० च्या दशकात हवा भरलेला तळ आणि त्याच्या कडेने भोकं असलेल्या राफ्ट आल्या. आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं, आणि बादली धरणाऱ्या माणसाचा हात वल्हं मारायला मोकळा झाला. भारतात १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरापासून गंगेच्या वरच्या अंगाला निघाले. नंदप्रयागपाशी धबधब्याने वाट अडवली, पण देशभर पेपरांत गाजावाजा झाला. पुढच्या दशकात ऋषिकेशच्या वर शिवपुरी, कौडियालाला व्यावसायिक राफ्टिंग रुजलं आणि तिथे तयार झालेले गाइड, त्यांच्याबरोबर नेपाळी गाइड, देशभर पसरले. कोलाडला हा धंदा उभा राहिला तो त्यांच्याच हातून. आता तिथल्या गावांतली पोरंही गाइड आहेत.

आपल्याकडे पाण्यात उतरायची सवय नव्हती असं मात्र नाही. गुऱ्हाळावर रस उकळायची काहिल कृष्णा-वारणेच्या काठी पुरात होडी म्हणून वापरतात. लोखंडी, उथळ, गोल. वल्हं एका बाजूला मारलं की जागेवरच गरगर फिरते, म्हणून दोघांनी समोरासमोर बसून ताल धरावा लागतो. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाळंतीण, सगळं त्यातून पलीकडे गेलंय. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहणं आजोबांच्या पिढीला सर्रास माहीत होतं. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळीकडच्या होड्यांच्या शर्यतींना अजून नदीकाठ भरतो. पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या मारणारे पोलिसांनी कितीही हाकललं तरी येतातच. या सवयीत कौशल्य होतं, पण अंगावर जॅकेट कधीच नव्हतं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढताना होडी उलटली आणि एकाच गावातल्या कितीतरी बाया-पोरांचा जीव गेला. त्यानंतर या भागात लाइफ जॅकेटकडे पाहण्याची नजर बदलली.

कोलाडला पोहोचल्यावर अर्धा तास जातो तो यातच. गाइड प्रत्येकाचं जॅकेट खांद्यांना धरून वर ओढतो. ते कानापर्यंत आलं की, "दादा, पट्टे आवळा." आमच्याकडचे धडधाकट पैलवान इथे हमखास कुरकुरतात, श्वास कोंडतो म्हणून. मग वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ. ती तळहाताने झाकूनच धरायची, कारण राफ्टमधले बरेचसे ओठ आणि दात शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने फुटतात. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडांच्या कपारीत अडकतो आणि प्रवाह माणसाला पुढे आडवा करतो. पाठीवर झोपून पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे. नदीकाठच्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. त्याचा हात आपसूक पोहायला लागतो.

या सगळ्याला कागदावर नियम आले ते बऱ्याच उशिरा. उत्तराखंडमध्ये उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये धोरण होईपर्यंत राफ्टिंग थांबवलं होतं. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा आणि बचावाची साधनं यांच्या अटी आहेत. अटी ठीक आहेत. तपासायला येतं कोण, हा वेगळा प्रश्न. बुकिंगआधी नोंदणी विचारायला मात्र कुणी अडवलेलं नाही.

साताऱ्यातही अलीकडे हालचाल झाली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय संरक्षित असल्याने तिथे जलक्रीडांवर बरीच वर्षं बंधनं होती. ती सैल झाली आणि मार्च २०२४ मध्ये जावळी तालुक्यात मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झालं. तिथे स्पीड बोट, जेट स्कीसारखे खेळ आहेत. पण ते साठलेलं पाणी. धावतं पाणी हवं तर कुंडलिकाच.

तीही किती दिवस, हे सांगणं अवघड. मुळशीसह टाटांच्या धरणांचं पाणी कोकणात न सोडता भीमा खोऱ्याला द्यावं, अशी मागणी पुणे-सोलापूरकडून बरीच वर्षं होते आहे. कोयनेच्या पाण्याबद्दल जत-आटपाडीच्या बाजूने असाच सूर असतो: टँकर आमच्या गावात आणि टीएमसी समुद्रात. मुळशीचं पाणी खरंच पूर्वेला वळलं तर कुंडलिका पावसाळ्यापुरती नदी होईल, आणि रावळज्याच्या राफ्ट उरलेले आठ महिने शेडमध्ये पडून राहतील. पण त्याच पाण्यावर रोह्याची औद्योगिक वसाहतही उभी आहे, आणि ती मंडळी राफ्टवाल्यांइतकी मुकाट्याने ऐकून घेणारी नाहीत.