फिल्टरमधला चोथा आणि पाऊण लिटर डिझेल

इंदूर हे काही कॉफीचं गाव नव्हे. इथे पोह्यांवर चहाच लागतो. पण आमच्या घरी फिल्टर कॉफीची खोड आहे आणि चोथा आई तुळशीत टाकते. परवा तिला म्हटलं, "आई, यातून डिझेल निघतं." "मग घाल तुझ्या स्कूटरला!" स्कूटर पेट्रोलवर चालते, हा मुद्दा मी सोडून दिला.

वाळलेल्या चोथ्यात वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तेल असतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला लटकलेली तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड). ती सोडवून प्रत्येकाला मिथेनॉल जोडलं की झालं बायोडिझेल. एरवी हे काम कॉस्टिक सोडा करतो. पण कॉफीच्या तेलात सुटी मेदाम्लंही बरीच असतात. सोड्याशी गाठ पडली की त्यांचा साबण होतो. इथे लायपेज हे विकर (एन्झाइम) कामाला येतं. आपल्या पोटात तूप पचवणारं विकर त्याच्याच भाऊबंदांतलं. सुटी असोत की बांधलेली, दोन्ही मेदाम्लांना ते मिथेनॉल जोडतं, तेही कोमट उष्णतेवर. मात्र प्रकरण नाजूक आणि महाग. मिथेनॉल एकदम ओतलं तर विकर निकामी होतं, म्हणून मिथेनॉल थोडंथोडं द्यायचं. आणि विकर रेझिनच्या मण्यांवर बसवून पुन्हापुन्हा वापरायचं. तेल गेल्यावर उरलेल्या चोथ्यातल्या मॅनन, सेल्युलोज या तंतूंची दुसरी विकरं साखर करतात आणि यीस्ट तिचं इथेनॉल.

लंडनमध्ये २०१७ साली कॉफीचं तेल मिसळलेल्या इंधनावर बसही चालवून पाहिली होती.

आमचा हिशोब? रोज २० ग्रॅम पूड, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच किलो कोरडा चोथा. तेल साधारण पाऊण लिटर. त्यात चिकोरी असेल तर आणखी कमी. इन्स्टंटवाल्यांच्या कपात तर चोथा उरतच नाही, तो कारखान्यातच राहतो. ढिगाने, एका जागी. विकरांचा खटाटोप परवडलाच तर तिथे.

खरी अडचण पाण्याची. ताज्या चोथ्यात निम्म्याहून जास्त पाणीच. तेल काढायचं तर आधी तो वाळवा, म्हणजे इंधन जाळा! इंदूरमधल्याच देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात, जिथे ओल्या कचऱ्यापासून इंधनाचा गॅस बनतो, ही कटकट नाही. २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. तिथे कचरा कुजवणारे जीवाणू लागणारी विकरं स्वतःच बनवतात, आणि त्यांना चोथा ओलाच लागतो.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्यापासून ओल्या कचऱ्यात टाकू? तुळशीला काय घालू?"