‘रन’: ओघातून निघालेलं क्रियापद

२०११ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहून झाली, तेव्हा अर्थांची संख्या ६४५ भरली. या एका नोंदीवर पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिन्यांहून अधिक दिवस खर्ची पडले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द म्हटलं की ‘सेट’चं नाव निघे. कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते आणि प्रश्नमंजूषांमध्ये हे उत्तर वर्षानुवर्षं बरोबर धरलं गेलं. पुढे ‘मेक’ने त्याला मागे टाकलं, मग ‘पुट’ने, आणि शेवटी ‘रन’ने.

६४५ या आकड्याने फार दिपून जाऊ नये. अर्थ काही झाडावरच्या आंब्यांसारखे मोजता येत नाहीत. एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ही रेघ कोशकारच मारतो. रस्ता डोंगरातून ‘रन’ करतो आणि कुंपण शेताच्या कडेने ‘रन’ करतं, हा एक अर्थ धरायचा की दोन? शिवाय ‘सेट’ मागे पडला तो नोंद जुनी राहिल्यामुळेही. ती मुळात हेन्री ब्रॅडली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली होती, तर ‘रन’च्या वाट्याला संगणकाच्या काळातला संपादक आला. तरीही या क्रियापदाचा पसारा अफाट आहे, आणि तो कसा वाढला हे पाहण्यासारखं आहे.

कोशकारांची ही डोकेदुखी जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ मध्ये निघाला. त्यात एकट्या ‘टेक’चे १३४ अर्थ आहेत. प्रस्तावनेत जॉन्सन यांनी आपल्याला छळणाऱ्या शब्दांची यादीच दिली आहे: गेट, गिव्ह, पुट, सेट, गो, मेक, टेक, टर्न, आणि अर्थातच रन. भाषा जिवंत आहे तोवर हे शब्द तासातासाला आपली नाती बदलत राहणार. वादळात हेलकावणाऱ्या वनराईचं चित्र तिच्या पाण्यातल्या प्रतिबिंबावरून जसं नेमकं काढता येत नाही, तसेच हे शब्द कोशात पकडता येत नाहीत, असं त्यांनी म्हटलं आहे. नऊ वर्षं एका कामाला जुंपून घेतलेल्या माणसाची ही कबुली आहे, म्हणून ती मला सबब वाटत नाही.

आपण शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं पाठ करतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. धावण्यापासून निघालं तर नाक, मेण, काजळ आणि कपड्याचा रंग हे सगळे का धावतात ते कळत नाही. शब्दाच्या जुन्या रूपाकडे गेलं की उलगडा होतो. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या त्यांत, ‘रिन्नन’ हे क्रियापद पायांइतकंच पाण्यालाही लागू होतं. जर्मनमध्ये आजही ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे झिरपत, ओघळत वाहणं, अशी दोन भावंडं वेगवेगळी नांदताना दिसतात. जुन्या इंग्रजीतही नदी ‘रन’ करत होती, रक्तही करत होतं. आपण ज्याला नाक वाहणं, मेण ओघळणं, काजळ पसरणं म्हणतो ते सगळं ‘रन’च्या जन्मापासूनच्या कामात मोडतं. चीज करताना दूध गोठवायला वापरतात त्या ‘रेनेट’चं नाव याच कुळातलं आहे, कारण दूध एकत्र ‘रन’ होणं म्हणजे साकळणं असाही एक जुना अर्थ होता.

दुसरी महत्त्वाची घडामोड व्याकरणातली आहे. तिच्याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. ‘इर्नन’ म्हणजे स्वतः धावणे, आणि ‘ॲर्नन’ म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणे, मुख्यतः घोडा दौडवणे. मराठीत पळणे-पळवणे, चालणे-चालवणे अशी जोडी असते तशीच ही. पुढे इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात उत्तरेचे लोक, म्हणजे व्हायकिंग, येऊन स्थिरावले आणि त्यांच्या भाषेतला ‘रेना’ या दोन्हींत मिसळला. या सरमिसळीत जोडी मोडली आणि दोन्ही कामं एकाच शब्दावर येऊन पडली. आज दिसणारं ‘रन’ हे रूप तर आणखी उशिरा, सोळाव्या शतकाच्या सुमारास रूढ झालं. तोवर वर्तमानकाळात ‘रिन’, ‘रेन’ अशीही रूपं चालत.

जोडी मोडल्याचा परिणाम मोठा होता. घोडा ‘रन’ करतो आणि स्वारही घोडा ‘रन’ करतो, हे एकदा चाललं की गलबत, गिरणी, खानावळ, वर्तमानपत्र, सरकार यांपैकी काहीही ‘रन’ करता येतं. कारखाना किंवा धंदा चालवणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रुजला आणि तिथून सगळीकडे गेला. आपल्याकडे हे काम ‘चालणे’ने उचललं आहे. दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला चालतो, ‘हे चालणार नाही’ असंही आपण बजावतो. फ्रेंचमध्येही यंत्र चालतंच, तिथलं क्रियापद ‘मार्शे’ आहे. म्हणजे इंग्रजांची यंत्रं धावतात आणि फ्रेंचांची व आपली चालतात. त्यावरून कुणाची यंत्रं वेगवान असा निष्कर्ष मात्र काढू नये. २०११ साली असा एक निष्कर्ष निघालाच होता. ‘सेट’ हा बैठा शब्द जाऊन ‘रन’ आला, हे आपल्या धावपळीच्या युगाचं लक्षण आहे, असं तेव्हा लिहिलं गेलं. ते अर्धंच पटण्यासारखं आहे. औद्योगिक क्रांतीने या शब्दाला भरपूर काम दिलं हे खरं, पण त्याआधीच्या काही शतकांतही त्याला फुरसत नव्हती.

जहाजांचंच पाहा. वाऱ्यापुढे पळणं, खडकावर चढून रुतणं, एका बंदरातून दुसऱ्यापर्यंतची एक खेप, बंदी मोडून चोरटा माल उतरवणं, या सगळ्याला इंग्लंडचे दर्यावर्दी ‘रन’च म्हणत. मग गिरण्या आल्या. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न लावलेला माल तो ‘रन ऑफ द मिल’. त्यावरूनच सामान्य, चारचौघांसारखं या अर्थाचा वाक्प्रचार झाला.

बँकेवरचा ‘रन’ तर पैशाच्या इतिहासातलं एक प्रकरणच आहे. सतराव्या शतकात लंडनचे सराफ लोकांच्या ठेवी ठेवून घेत, आणि शंका आली की ठेवीदार एकदम दारात धाव घेत. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिच्यावरही अशी धाड आली. सगळ्यांत गाजला तो १७९७ चा प्रसंग. फेब्रुवारीत फ्रेंचांची एक छोटी तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डपाशी उतरली. ती दोन-तीन दिवसांत शरण आली, पण बातमीने लोक नोटा घेऊन सोनं मागायला धावले आणि बँकेला सोनं देणं थांबवावं लागलं. ते पूर्ववत व्हायला १८२१ साल उजाडलं. इथे पाय खरोखर धावत होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या, तेव्हा बहुतेक ठेवीदार जागचे हललेही नव्हते. शब्द मात्र तोच राहिला.

क्रिकेटमध्येही असंच झालं. सुरुवातीला धावेला ‘नॉच’ म्हणत, म्हणजे खाच, कारण गुणलेखक काठीवर चाकूने खाच पाडून हिशेब ठेवी. १७४४ च्या नियमांमध्ये ‘खाच धावताना’ यष्टी उडाली तर फलंदाज बाद, अशी भाषा आहे. काठी जाऊन वही आली, खाच गेली आणि धावण्याची क्रियाच गुणाचं नाव होऊन बसली. परिणामी आज चेंडू प्रेक्षकांत भिरकावून जागच्या जागी उभा राहिलेला फलंदाज सहा धावा काढतो. मराठीने हा शब्द दोन्हीकडून घेतला. मैदानावर ‘रन काढ’, ‘रनआउट’ असं ओरडतात, आणि वर्तमानपत्रात तोच खेळाडू ‘धावचीत’ होतो.

निवडणुकीत मात्र इंग्रजीचेच दोन तट पडले. अमेरिकी उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’. अमेरिकी राजकारणाची भाषा घोड्यांच्या शर्यतीची आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला म्हणतात तो ‘रनिंग मेट’ मुळात एकाच तबेल्यातला जोडीचा घोडा. आणि ‘ऑल्सो रॅन’ म्हणजे पहिल्या तिनांत न आलेल्या घोड्यांच्या नावांवर वर्तमानपत्रं घालत ते शीर्षक. मराठी उमेदवार ब्रिटिशांसारखा उभा राहतो. आपल्याकडे पुढचंही ठरलेलं आहे: जिंकला तर निवडून येतो, नाहीतर पडतो.

‘रन’ने परक्या भाषांतले काही अनाथ शब्दही पदरात घेतले. दोन रांगांमधून अपराध्याला पळायला लावायचं आणि दोन्हीकडून सैनिकांनी फटके द्यायचे, ही शिक्षा स्वीडिश फौजेत होती. तिचं नाव ‘गातलोप’, म्हणजे गल्लीतली धाव. १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात ती इंग्रजांच्या कानावर पडली. त्यांनी तिचं ‘गँटलोप’ केलं आणि पुढे लोखंडी हातमोज्याच्या ‘गॉन्टलेट’शी तिची गल्लत झाली. मुळात धाव असलेल्या शब्दाला इंग्रजीने पुन्हा ‘रन’ जोडला, ‘रन द गॉन्टलेट’ झालं, आणि हातमोजा धावू लागला.

‘रन अमॉक’ची कथा आपल्या किनाऱ्याच्या जवळून जाते. मलय भाषेत ‘अमुक’ म्हणजे बेभान होऊन दिसेल त्याच्यावर तुटून पडणं. आपल्या अमुक-तमुकशी त्याचा काही संबंध नाही. मलबारात राहिलेल्या दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५१६ च्या सुमारास जावाच्या अशा माणसांचं वर्णन केलं आहे. रस्त्यावर खंजीर घेऊन निघणाऱ्या या माणसांना ‘अमुको’ म्हणतात, असं तो लिहितो. शब्द इंग्रजीत पोचला तेव्हा पहिला ‘अ’ हा इंग्रजांना नामाआधी लागणारा आपला ‘अ’ (एक) वाटला आणि उरला नुसता ‘मक’. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात ही नोंद ‘अ मक’ अशा तोडलेल्या रूपाखाली सापडते. मूळ मलय शब्दात पळण्याचा अंशही नाही. तो इंग्रजीने आपल्या घरचा घातला.

आता परक्या माणसाला सर्वांत नडणारा भाग, मागून जोडलेले ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘अप’. साखर ‘रन आउट’ होते, जुना मित्र रस्त्यात ‘रन इन्टू’ होतो, बिल ‘रन अप’ होतं, आणि एखाद्याची निंदा करणं म्हणजे त्याला ‘रन डाउन’ करणं. ही रचना परदेशी शिकणाऱ्यांना सर्वांत कठीण जाते, हे जॉन्सन यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. तिला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मिळालं ते १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात; नाव सुचवलं होतं ‘सेट’वाल्या हेन्री ब्रॅडली यांनीच. संस्कृत शिकलेल्याला यात नवल वाटू नये. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे, उपसर्ग तेवढे निराळे. जुन्या इंग्रजीतही अशी पूर्वपदं क्रियापदाच्या आधीच लागत, मग हळूहळू ती त्याच्या नंतर सरकली. कुठे कुठे दोन्ही थर शिल्लक आहेत. ‘ओव्हररन’ म्हणजे फौजेने मुलूख व्यापणं किंवा कामाने ठरलेली मुदत ओलांडणं. तेच तुकडे उलटे लावले की ‘रन ओव्हर’, गाडीने माणूस चिरडणं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. तिच्याबरोबर आलेल्या बोलीत आपण गाडी ‘सुटते’, ‘येते’, ‘लागते’ असंच म्हणत राहिलो. (‘गाडी लागते’ याचे दोन अर्थ घाटातल्या प्रवाशाला सांगायला नकोत, ‘लागणे’वर स्वतंत्र लेख होईल.) पण ‘लोकल उशिराने धावत आहेत’ या बातमीतल्या भाषेवर इंग्रजी ‘रन’ची सावली उघड दिसते. घरात कुणी तसं बोलत नाही, ‘गाड्या लेट आहेत’ म्हणतात.

शेवटची मोठी भर संगणकाची. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठात ‘बेबी’ या टोपणनावाच्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्राम पहिल्यांदा तडीस नेला. एका मोठ्या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्याला ५२ मिनिटं लागली. यंत्रासाठी हाताशी असलेला ‘रन’ मग प्रोग्रामलाही लागला आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत जसाच्या तसा उतरला. इथे मराठीने त्याला आपलं व्याकरण लावलं. प्रोग्राम आपोआप ‘रन होतो’, आणि आपण तो ‘रन करतो’. इर्नन आणि ॲर्नन यांच्यातला जो फरक इंग्रजीने शेकडो वर्षांपूर्वी गमावला, तो ‘अरे, रन होत नाहीये’, ‘मग पुन्हा रन कर’ एवढ्या बोलण्यात शाबूत आहे.