थोडं कमी, की अजिबात नाही? लवचिक वनस्पतीजन्य आहाराची पार्श्वभूमी

ताटात बहुतेक सगळं वनस्पतीजन्य, पण कधीमधी दूध, अंडं, मासे किंवा मांसही चालेल, असा आहार आज ‘फ्लेक्सिटेरियन’ म्हणून ओळखला जातो. कडक नियम पाळणाऱ्यांना ती पळवाट वाटते. पण सवलत कुठवर द्यायची, हा वाद शाकाहाराच्या संघटित चळवळीइतकाच जुना आहे.

१८४७ साली इंग्लंडमधल्या रॅम्सगेट इथे व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली. मांस वर्ज्य, दूध-अंड्यांना मात्र मुभा. ही मुभा काहींना पुढेही खुपत राहिली. १९४४ मध्ये दूधही न घेणाऱ्या सभासदांनी संस्थेच्या नियतकालिकात आपल्यासाठी वेगळी जागा मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा सुतारकाम शिकवणारे शिक्षक डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हीगन सोसायटी काढली. मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळणारं ‘बी-१२’ जीवनसत्त्व वेगळं काढण्यात शास्त्रज्ञांना यश आलं ते १९४८ मध्ये. म्हणजे आपल्या जेवणात नेमकं काय कमी पडतंय, हे या मंडळींना कळायला मार्गच नव्हता! आणि याच संस्थेच्या आजच्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत’ अशी पुस्ती आहे. सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या गटालाही ती जोडावी लागली, हे बोलकं आहे.

आठवड्यातला ठरावीक वार पाळायची कल्पना मात्र या वादातून आली नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, सैन्याला आणि युरोपातल्या मित्रराष्ट्रांना अन्न पुरावं म्हणून अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने लोकांना मंगळवारी मांस टाळायला सांगितलं. प्रमुख होते हर्बर्ट हूवर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. प्राणिदयेचा इथे काही संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धातही असे दिवस पाळले गेले. जाहिरात क्षेत्रातून निवृत्त झालेल्या सिड लर्नर यांनी २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साथीने तीच कल्पना ‘मीटलेस मंडे’ म्हणून पुन्हा आणली, या वेळी आरोग्यासाठी. हिशेब साधा होता: आठवड्याच्या एकवीस जेवणांपैकी तीन बदलली की सुमारे पंधरा टक्के कपात होते.

माझ्या मते खरा सांधा इथे बदलला. प्राण्याला मारावं की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. आरोग्य आणि हवामान यांचा प्रश्न ‘किती’ असा असतो. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १८ टक्के असल्याचं सांगितलं (२०१३ मध्ये तो आकडा १४.५ टक्क्यांवर आला). २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. दोन्हींत मात्रा कळीची, त्यामुळे थोडी घटही हिशेबात धरली जाऊ लागली.

पण किती घट पुरेशी? लवचिकतेवरचा रास्त आक्षेप हाच, कारण आठवड्यातून एकदा मांस टाळणाराही फ्लेक्सिटेरियन आणि वर्षातून एकदा खाणाराही. आहार, आरोग्य आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या ईट-लॅन्सेट आयोगाने २०१९ मध्ये दिवसाला सुमारे २५०० कॅलरींच्या आहारात लाल मांस सरासरी १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला जेमतेम १०० ग्रॅम धरलं. दुधाला त्यात रोज सरासरी २५० ग्रॅम जागा आहे.