जंगल राखायचं तर आग हवी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, इटास्का सरोवरातून मिसिसिपी नदी बाहेर पडते तिथे पाणी जेमतेम गुडघाभर असतं. पोरंबाळं दगडांवरून तोल सावरत पैलतीर गाठतात. शेजारच्या खांबावर कोरलंय: समुद्रसपाटीपासून १,४७५ फूट, मेक्सिकोच्या आखातापर्यंत २,५५२ मैल.

हे दगड मात्र माणसांनी रचलेले आहेत. मुळात इथे दलदल होती. १९३०च्या दशकात, मंदीत बेकार झालेल्या तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून प्रवाहाला नवी वाट दिली गेली आणि दगडांखाली काँक्रीटचा बंधारा आला. आसपासची बरीच सरोवरं मात्र हिमयुगाची देणगी आहेत. वाळू-गोट्यांत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळले, वरची जमीन खचली आणि खड्ड्यांत पाणी साठलं.

सरोवराभोवतीचं जंगल राखणारं इटास्का स्टेट पार्क १८९१ साली झालं, तेही विधिमंडळात एका मताच्या फरकाने. पण कायदा झाला म्हणून कुऱ्हाडी थांबल्या नाहीत. ओंडके वाहून नेण्यासाठी लाकूड कंपनीने पाणी अडवलं, त्यात काठची झाडं बुडू लागली. १९०३ साली उद्यानाची प्रमुख असलेली २४ वर्षांची मेरी गिब्स बंधाऱ्याची दारं उघडा म्हणून बंदूकधारी माणसांसमोर उभी ठाकली. उगमाजवळच्या केंद्राला तिचं नाव आहे, आणि ते अगदी योग्य आहे.

पुढचा धोका मात्र चांगल्या हेतूतून आला. इथल्या लाल पाइनची साल जाड असते, जमिनीलगतच्या आगीत तो तगतो. उलट आगीने पालापाचोळा जळून माती उघडी पडते, झुडपं हटून ऊन खाली पोचतं, तेव्हाच त्याचं बी रुजतं. संरक्षणाच्या नावाखाली आग बंद केली आणि जुन्या पाइनांखाली नवी रोपं उगवेनाशी झाली. जी उगवली, ती हरणांनी खाल्ली. म्हणून अलीकडे इथे वारा-ओल पाहून मुद्दाम आग लावतात, आणि रोपाच्या शेंड्याच्या कळीला कागद गुंडाळून स्टेपल मारतात, म्हणजे हिवाळ्यात हरणं तो शेंडा खात नाहीत.

इथे पोहणं, कनू वल्हवणं, हिवाळ्यात स्कीइंग असं सगळं आहे. पण मी सुचवेन ती वाइल्डरनेस ड्राइव्ह या उद्यानातल्या रस्त्यावरची सुमारे १६ किलोमीटरची सायकलफेरी. वाटेत एखाद्या म्हाताऱ्या पाइनच्या बुंध्याशी थांबा. तळाशी काळपट त्रिकोणी व्रण दिसला, तर ती जुन्या आगीची खूण. अशा व्रणांभोवतीची, खोडात दर वर्षी एक वाढणारी वर्तुळं मोजूनच इथल्या शतकांपूर्वीच्या वणव्यांची वर्षं शास्त्रज्ञांनी काढली आहेत.