स्विस ट्रॅव्हल पास

स्वित्झर्लंडमधील रेल्वे, बस, तलावांतील बोटी आणि शहरांतील ट्राम यांतून ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करू देणारे पर्यटकांचे तिकीट. ते स्वित्झर्लंड व लिश्टेनस्टाइनबाहेर राहणाऱ्यांनाच मिळते. पूर्वी त्याला नुसते ‘स्विस पास’ म्हणत. २०१५ मध्ये ते नाव स्थानिक रहिवाशांच्या लाल कार्डाला दिले गेले आणि पर्यटकांच्या पासात ‘ट्रॅव्हल’ हा शब्द आला. जुनी माहितीपत्रके वाचून जाणाऱ्यांचा तिकीट खिडकीवर अजूनही या दोन नावांत गोंधळ होतो.

वेळापत्रक

पासाचा उपयोग कळायचा, तर आधी तिथल्या वेळापत्रकाची रचना समजली पाहिजे. १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत आहे. एखाद्या स्थानकावरून गाडी ८ वाजून ४ मिनिटांनी सुटत असेल, तर पुढची ९ वाजून ४ मिनिटांनी आणि त्यापुढची १० वाजून ४ मिनिटांनी सुटते. मुख्य मार्गांवर दर अर्ध्या तासाला गाडी असते. झुरिक, बर्न, बाझल अशा मोठ्या जंक्शनांवर बहुतेक गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोडे आधी येतात आणि थोडे नंतर सुटतात, म्हणजे सगळ्या दिशांच्या गाड्या एकाच वेळी फलाटांवर उभ्या राहून प्रवाशांची अदलाबदल होते. हे जमावे म्हणून दोन जंक्शनांमधला प्रवास तासाच्या आत बसवावा लागला. झुरिक ते बर्न ही धाव ५६ मिनिटांची आहे ती त्यासाठीच. गाडी शक्य तितकी वेगाने पळवण्यापेक्षा पुढची गाडी मिळेल इतक्याच वेगाने पळवायची, असा हा हिशेब आहे. बस आणि बोटीही याच साखळीत ओवलेल्या असतात.

म्हणून देशांतर्गत साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. पासधारक फलाटावर जातो, त्याच्या वर्गाच्या डब्यात चढतो आणि रिकाम्या जागी बसतो. स्थानकांवर फाटके नाहीत आणि पासावर शिक्का मारून घ्यायचा नसतो. तपासनीस डब्यात येऊन मोबाइलवरचा किंवा कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि कधी कधी पासपोर्ट मागतो. पासवर नाव व जन्मतारीख असते, त्यामुळे तो दुसऱ्याला वापरता येत नाही. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायला निघणे म्हणजे अर्धेच तिकीट घेऊन निघणे.

प्रकार व किंमत

पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. ‘फ्लेक्स’ प्रकारात तितकेच दिवस एका महिन्याच्या आत सुटे सुटे वापरता येतात, मात्र तो थोडा महाग पडतो. २०२४ मध्ये दुसऱ्या वर्गाच्या सलग पासाचे प्रौढांसाठीचे दर ३ दिवसांना २४४, ४ दिवसांना २९५, ६ दिवसांना ३७९, ८ दिवसांना ४१९ आणि १५ दिवसांना ४५९ स्विस फ्रँक असे होते. दर बदलत राहतात, पण त्यांची चढण पाहण्यासारखी आहे. ३ दिवसांच्या पासात दिवसाला सुमारे ८१ फ्रँक पडतात, ८ दिवसांच्या पासात ५२ आणि १५ दिवसांच्या पासात ३१. आठाचे पंधरा दिवस करायला अवघे ४० फ्रँक जास्त लागत होते. त्यामुळे नऊ-दहा दिवस राहणाऱ्याने ८ दिवसांचा पास घेऊन उरलेल्या दिवसांची तिकिटे सुटी काढण्यात शहाणपणा नाही. पहिल्या वर्गाचा दर दीडपटीहून थोडा जास्त असतो. डबे कमी भरतात एवढाच त्याचा खरा फायदा, कारण खिडकीबाहेरचे दृश्य दोन्ही वर्गांना एकच दिसते.

२५ वर्षांखालील तरुणांना सवलतीचा पास मिळतो. ६ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. ६ ते १६ वर्षांखालील मुले आई किंवा वडिलांबरोबर ‘स्विस फॅमिली कार्ड’वर फुकट प्रवास करतात. हे कार्ड विनामूल्य आहे, पण पास घेतानाच मागावे लागते. सवलत आईवडिलांपुरतीच असल्याने आजी-आजोबांबरोबर निघालेल्या नातवाला किंवा मामाबरोबर आलेल्या भाचीला ती मिळत नाही. अशा मुलांसाठी अर्ध्या किमतीचा पास घ्यावा लागतो. एकत्र कुटुंबाने सहलीला निघणाऱ्या मराठी मंडळींची इथे हमखास चूक होते.

डोंगरावर काय चालते

पास हे रेल्वेचे तिकीट आहे, डोंगराचे नव्हे. खोऱ्यातल्या शेवटच्या गावापर्यंत तो पूर्ण चालतो. तिथून वर जाणाऱ्या दातेरी रेल्वेवर (रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून चढ चढणारी गाडी) किंवा केबल कारवर बहुधा सवलतच मिळते, आणि ती जागोजागी वेगळी असते. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस ही तीन ठिकाणे पूर्ण फुकट आहेत. टिटलिसला एंगेलबर्गपर्यंत पास चालतो, पुढच्या केबल कारला निम्मे भाडे पडते. पिलाटुस, झेरमॅटहून वर जाणारी गोर्नरग्राट रेल्वे आणि म्युरेनच्या वरचे शिल्टहॉर्न यांनाही निम्मे भाडे आहे. मोटारींना बंदी असलेल्या म्युरेनपर्यंत मात्र लाउटरब्रुनेनहून केबल कार आणि छोटी रेल्वे अशी पूर्ण वाट पासात येते.

सगळ्यांत जास्त हिरमोड युंगफ्राउयोखला होतो. ३,४५४ मीटर उंचीवरच्या या स्थानकाकडे जाताना पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि पुढच्या भाड्यात फक्त २५ टक्के सूट मिळते. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन मूळ भाडे उन्हाळ्यात २०० फ्रँकांच्या वर असते. पास आहे म्हणून वेगळे पैसे धरलेच नाहीत, तर चौघांच्या कुटुंबाच्या खर्चाचा अंदाज याच एका दिवशी कोसळतो.

याला पर्याय ‘हाफ फेअर कार्ड’. ते एक महिना चालते आणि रेल्वे, बस, बोटी व जवळजवळ सगळ्या डोंगरी वाहनांचे भाडे निम्मे करते, युंगफ्राउयोखचेही. २०२४ मध्ये त्याची किंमत १२० फ्रँक होती. निवड करताना मुक्कामाचे गाव रोज बदलायचे आहे की एकाच ठिकाणी तळ ठोकून शिखरे पाहायची आहेत, हे आधी ठरवावे. एक-दोन दिवसांआड लांबचा प्रवास असेल तर पास परवडतो. इंटरलाकेनला पाच रात्री राहून रोज एका डोंगरावर जायचे असेल तर हाफ फेअर कार्ड जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. ठरलेल्या प्रवासांची पूर्ण भाडी स्विस रेल्वेच्या ॲपवर पाहून बेरीज करायला पंधरा मिनिटे लागतात. त्या बेरजेशिवाय पास घेणे हा निव्वळ अंदाजाचा खेळ होतो.

पासाची पूर्ण वसुली कशी होते, याचा चांगला नमुना रिगीची फेरी. ल्युसर्न स्थानकासमोरच्याच धक्क्यावरून बोटीने सुमारे तासाभरात विट्झनाउला उतरायचे. तिथून १८७१ साली सुरू झालेल्या, युरोपातील पहिल्या दातेरी डोंगरी रेल्वेने १,७९८ मीटर उंचीच्या रिगी कुल्मवर जायचे. उतरताना डोंगराच्या दुसऱ्या अंगाने आर्ट-गोल्डाउला यायचे आणि तिथून मोठ्या गाडीने ल्युसर्न गाठायचे. बोट, दातेरी रेल्वे आणि साधी गाडी या तिन्हींसाठी एक फ्रँकही वेगळा द्यावा लागत नाही.

याशिवाय ५०० हून अधिक संग्रहालयांत पासवर मोफत प्रवेश आहे. माँत्रोजवळचा शियाँचा तळ्याकाठचा किल्लाही त्यांत येतो. पावसाच्या दिवशी याचा उपयोग होतो.

पॅनोरमा गाड्या

झेरमॅट ते सेंट मॉरिट्झ अशी सुमारे आठ तास धावणारी ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ आणि आल्प्स ओलांडून इटलीतील तिरानोला उतरणारी ‘बर्निना एक्सप्रेस’ या मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाड्यांचे भाडे पासात येते, पण जागेचे आरक्षण सक्तीचे आहे आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. ग्लेशियर एक्सप्रेसला उन्हाळ्यात ते ५० फ्रँकांच्या आसपास जातात. माँत्रो ते इंटरलाकेन धावणाऱ्या ‘गोल्डनपास एक्सप्रेस’ला साध्या वर्गांत आरक्षण ऐच्छिक आहे. डिसेंबर २०२२ पासून ही गाडी त्स्वायझिमेनला चाकांमधले अंतर बदलून मीटर गेजवरून त्याहून रुंद रुळांवर जाते, त्यामुळे तिथे गाडी बदलावी लागत नाही.

माहितीपत्रकांत ठळकपणे न येणारी गोष्ट म्हणजे त्याच रुळांवर साध्या गाड्याही धावतात. सेंट मॉरिट्झ ते तिरानो दर तासाला साधी लाल गाडी असते. तिला आरक्षण लागत नाही, दृश्य तेच दिसते आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. पॅनोरमा डब्यांच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि फोटोत त्यांच्यावरचे प्रतिबिंब येते. फोटो काढणाऱ्याने साधी गाडीच धरावी.

हा बर्निना मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. ओस्पित्झिओ बर्निनाला तो २,२५३ मीटर उंची गाठतो आणि कुठेही दातेरी रूळ न वापरता दर १४ मीटरला १ मीटर इतका चढ चढतो. तुलनेसाठी, आपल्या बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलणारी इंजिने लावावी लागतात. अर्थात बर्निनाची गाडी हलकी आणि डबे मोजके, बोरघाटातून मात्र लांबलचक मेल गाड्या आणि मालगाड्या जातात. या दोन घाटांचे एक नातेही आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-पुणे मार्गावर विजेच्या मालगाड्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांची पहिली इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली. गोटहार्डच्या घाटात याच घडणीच्या इंजिनांना ‘मगर’ म्हणत. आपल्याकडे त्यांचे नाव ‘खेकडा’ पडले.

वापर आणि नेहमीच्या चुका

पास ऑनलाइन घेतला की पीडीएफ मिळते. झुरिक विमानतळाच्या स्थानकावरही पासपोर्ट दाखवून तो काढता येतो. लवकर घेतला म्हणून तो एरवी स्वस्त मिळत नाही, तेव्हा व्हिसा हातात पडल्यावरच घेणे बरे. पासाचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि शेवटच्या दिवसानंतर पहाटे ५ वाजेपर्यंत तो चालतो. रात्री ९ ला उतरून नुसते विमानतळाजवळच्या हॉटेलात जायचे असेल, तर तेवढ्याशा प्रवासासाठी पासाचा एक दिवस घालवू नये. फ्लेक्स पासात प्रवासाचा दिवस गाडीत चढण्याआधी ऑनलाइन चालू करावा लागतो. तपासनीस दिसल्यावर चालू केलेला दिवस ग्राह्य धरत नाहीत आणि विनातिकीट प्रवासाचा दंड पडतो.

फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग असतात आणि कोणत्या वर्गाचा डबा कुठे येईल ते फलकावर दिसते. हा फलक केवळ सोयीसाठी नसतो, कारण काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागल्या जातात. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्यूट्शिनेनला तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. चुकीच्या भागात बसलेला प्रवासी योग्य गाडीत चढूनही चुकीच्या गावी पोहोचतो. डब्याच्या बाहेरचा फलक वाचूनच चढावे. इंटरलाकेनलाच ‘ओस्ट’ आणि ‘वेस्ट’ अशी दोन स्थानके आहेत. डोंगराकडच्या गाड्या ओस्टहून सुटतात, त्यामुळे हॉटेल घेताना ते कोणत्या स्थानकाजवळ आहे हे पाहावे.

झुरिकच्या मुख्य स्थानकात ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ हे फलाट जमिनीखाली आहेत. वरच्या फलाटावरून सामान घेऊन तिथे पोहोचायला पाच-सात मिनिटे सहज जातात. ॲप गाडी बदलायला पुरेसा वेळ धरते, पण तो मोकळ्या हाताने चालणाऱ्या माणसाचा असतो. दोन मोठ्या बॅगा आणि लहान मूल बरोबर असेल तर एक गाडी सोडून पुढची धरावी. अर्ध्या तासाने दुसरी असतेच. दुमजली डब्यांत मोठ्या बॅगा घेऊन जिना चढू नये, खालीच बसावे.

ल्युसर्नहून ब्र्युनिग घाटातून इंटरलाकेनला जाताना उजव्या बाजूला बसावे. सार्नेन आणि लुंगेर्नचे तलाव त्या बाजूला येतात. पुढे मायरिंगेनला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे त्याच जागेवरून ब्रिएन्झचा तलावही दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ग्लेशियर एक्सप्रेस बंद असते. अनेक केबल कार नोव्हेंबरात देखभालीसाठी थांबतात आणि तलावांतील बोटींच्या फेऱ्या कमी होतात. रिगी आणि बर्निनाच्या गाड्या मात्र वर्षभर चालू राहतात. पासाची किंमत मोसम पाहून कमी होत नाही, म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्याने प्रत्येक डोंगराच्या संकेतस्थळावर बंदचे दिवस पाहून मगच पास किती दिवसांचा घ्यायचा ते ठरवावे.