चक्र वारशाचं, ठसा स्वतःचा

आईच्या अंगठ्याच्या ठशात चक्र, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषांची नक्षी, आहे म्हणून मुलीच्याही असेलच, असं नाही. पण दहाही बोटांवरच्या रेषा मोजून बेरीज केली, की रक्ताचं नातं लगेच उघडं पडतं. सारा होल्ट या ब्रिटिश संशोधिकेने गेल्या शतकाच्या मध्याला हे किचकट काम चिकाटीने केलं. एकसारख्या जुळ्यांत या बेरजेचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.९५ निघाला, सख्ख्या भावंडांत, तसंच पालक आणि मुलांत सुमारे ०.५. उंचीसुद्धा इतकी चोख वारशाने येत नाही!

मग नेमकं काय येतं वारशाने? गर्भाच्या बोटांच्या टोकांवर आधी छोट्या गाद्या फुगतात. त्या ओसरू लागतात त्याच सुमारास, दहाव्या आठवड्यानंतर, त्वचेत रेषा उठायला लागतात. गादी उंच आणि गोल असेल तर चक्र, एका अंगाला कललेली असेल तर शंख, बसकी असेल तर कमान. गादीचा आकार आणि ही वेळ, यांवर जनुकांची पकड असते. २०२२ मध्ये २३ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात ठशांशी जोडलेल्या ४३ जागा जनुकसंचात सापडल्या. त्यांतला ठळक जनुक ईव्हीआय-१ हा हातपाय घडवणारा निघाला. दोन्ही करंगळ्यांवर चक्र असणाऱ्यांच्या करंगळ्या सरासरीने लांब असतात, हेही त्यातच दिसलं. (ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता ओळखून देणाऱ्या चाचण्यांना पैसे मोजणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं. त्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही.)

रेषा एकदम उमटत नाहीत. एडिनबरा इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की त्या गादीच्या मध्यातून, नखाखालून आणि सांध्याजवळच्या घडीपासून लाटांसारख्या पसरतात. लाटा कुठे भेटतात त्यावर नक्षी ठरते. एखादी रेष कुठे फुटेल, कुठे संपेल, हे मात्र त्या क्षणाच्या योगायोगावर. म्हणून जुळ्यांचेही ठसे वेगळे.

एक स्विस कुटुंब मात्र या सगळ्यातून सुटलं. स्मारकॅड-१ या जनुकातल्या एका बदलामुळे त्यातल्या अनेकांच्या बोटांवर रेषाच नाहीत. बदललेली एकच प्रत पुरते, त्यामुळे प्रत्येक अपत्याला ही स्थिती मिळण्याची शक्यता निम्मी. हा बदल २०११ मध्ये सापडला. चौकशी सुरू झाली ती त्यांतली एक महिला अमेरिकेत शिरताना सीमेवर अडकली तेव्हा.